‘एजंटने अर्ज भरला’ : हा ‘ने’ कर्त्याचा की करणाचा?

मराठीच्या प्राध्यापकाला संगणकाच्या कार्यशाळेस बोलावतात ते बहुधा खुर्च्या भरण्यासाठी. अशाच एका कार्यशाळेत अलीकडे मी दिवसभर बसलो होतो. विषय होता ‘एआय एजंट’ कसे बांधावेत. सभागृहाला असे सांगण्यात आले (हा ‘सांगण्यात आले’ वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे) की, यंत्राला आता भाषा येते, तेव्हा भाषेचा प्रश्न निकालात निघाला. आता उरले आहे ते फक्त यंत्राकडून कामे करून घेणे. चहाच्या वेळी संगणक विभागातले एक स्नेही मला म्हणाले, “सर, तुमच्या कर्तरी-कर्मणी-भावेचं आता काय करायचं? एजंटने अर्जसुद्धा भरला बघा!” मीही हसलो. विनोद बरा होता. पण घरी येईपर्यंत त्या वाक्यातला ‘ने’ माझी पाठ सोडीना.

‘शेतकऱ्याने अर्ज भरला.’ येथे ‘ने’ कर्त्याला लागला आहे. ‘पेनाने अर्ज भरला.’ येथे तोच ‘ने’ करणाला लागला आहे. मराठीत तृतीयेचा हा प्रत्यय करणारा आणि करण्याचे साधन या दोघांनाही सारख्याच मायेने जवळ करतो. वर्गात आपण हे एका मिनिटात उरकतो, कारण शेतकरी माणूस आहे आणि पेन पेन आहे हे सांगावे लागत नाही. प्रत्यय फरक करत नसला तरी जग तो करते. मग ‘एजंटने अर्ज भरला’ या वाक्यात ‘ने’ कोणता? एजंट येथे शेतकऱ्याच्या रांगेत बसवायचा की पेनाच्या? हा प्रश्न केवळ पाच गुणांचा नाही. अर्ज चुकीचा भरला गेला तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, ते याच्या उत्तरावर ठरणार आहे. आणि हे उत्तर सध्या संगणकाचे व्यापारी देत आहेत. व्याकरण ज्यांचा विषय, ते आपण खुर्च्या भरीत आहोत.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांनी तिच्याविषयी मत आधीच बनवले आहे, तिची रचना पाहिलेली नाही.

सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट म्हणजे घर बांधणाऱ्याला मिळणारे तयार सामान: चौकटी, बिजागऱ्या, पाइप. भिंत कोठे घालायची हे बांधणाऱ्याने ठरवायचे. एजंट बांधण्याची अशी किट २०२५ मध्ये एकामागून एक आली. मार्चमध्ये ओपनएआयची, एप्रिलमध्ये गूगलची. अँथ्रॉपिकने आपल्या जुन्या किटचे सप्टेंबरमध्ये नव्याने बारसे करून तिच्या नावात ‘एजंट’ घातले. तपशील वेगवेगळे, सांगाडा साधारण एकच. मध्यभागी भाषेचे प्रतिमान. त्याला दिलेली सूचना, म्हणजे ‘तू अमुक आहेस, अमुक काम कर, अमुक करू नकोस’ असे दोन-चार परिच्छेद. मग अवजारांची यादी: हवामान पाहण्याचे एक, अर्ज नोंदवण्याचे एक, संदेश पाठवण्याचे एक. आणि या सगळ्यांभोवती फिरणारे चक्र. माणूस काही सांगतो. प्रतिमान ते वाचून ‘अमुक अवजार, अमुक माहिती देऊन चालवा’ असा मजकूर लिहिते. भोवतीचा प्रोग्रॅम ते अवजार चालवतो, आलेला निकाल पुन्हा प्रतिमानाला वाचायला देतो. काम संपले असे प्रतिमानाने लिहीपर्यंत हे चालू राहते.

यात साहित्याच्या माणसाने थबकावे अशा दोन जागा आहेत. पहिली ही की, प्रतिमान स्वतः काहीही करीत नाही. ते वाक्य लिहिते, कृती दुसरीकडे होते. अर्ज ‘भरणारा’ तो प्रोग्रॅमचा तुकडा, आणि तो तुकडा कोणत्या वाक्यावर हलेल हे ठरवणारा माणूस कुठल्या तरी कंपनीत वा कचेरीत पगार घेत असतो. दुसरी जागा मला अधिक मोलाची वाटते. अनेक अवजारांतून नेमके कोणते उचलायचे हे प्रतिमान ठरवते ते त्या अवजाराचे नाव आणि त्याखाली गद्यात लिहिलेला दोन-तीन ओळींचा खुलासा वाचून. ओपनएआयच्या किटमध्ये तर प्रोग्रॅमच्या तुकड्याखाली प्रोग्रॅमरने लिहिलेली टीप उचलून तीच प्रतिमानापुढे ठेवली जाते. म्हणजे ज्या इमारतीला आपण गणिताची इमारत समजून लांबून नमस्कार करतो, तिच्या कळीच्या खिळ्या साध्या गद्याच्या आहेत. ते गद्य ढिसाळ असेल तर इमारत डुगडुगते.

हे गद्य आज कोण लिहितो? माझा एक माजी विद्यार्थी लिहितो. बी.ए.ला माझ्याकडे मराठी होते, पुढे त्याने संगणकाची पदविका केली. आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्यांना बोलून किंवा टाइप करून महसुलाची आणि विम्याची कामे करता यावीत असा एजंट तो एका किटवर जुळवत होता. कुठल्याही कचेरीशी अजून जोडलेला नव्हता, सगळे खोट्या नोंदींवर चालले होते, हे बरेच झाले. तो लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “सर, याला मराठी येतं. पण मधूनच येडं करतंय.”

त्याने सूचना इंग्रजीत लिहिल्या होत्या, अवजारांची नावेही इंग्रजीत. त्यातल्या दोन अवजारांचा खुलासा त्याने शेतकऱ्याच्या शब्दांशी जुळावा म्हणून मराठीत दिला होता. एकाखाली ‘सातबारा काढणे’, दुसऱ्याखाली ‘नाव काढणे’. एवढेच.

आता काढणे हे क्रियापद घ्या. सातबारा काढणे म्हणजे उताऱ्याची प्रत मिळवणे. उतारा जागचा हलत नाही. नाव काढणे म्हणजे ते नोंदीतून वगळणे. आणि पोराने नाव काढले म्हणजे घराण्याची कीर्ती वाढवली. (तिसरा अर्थ असा की, कोणी नुसता उल्लेख केला: ‘त्याचं नाव काढू नका.’) पैसे काढले की खात्यातून जातात, कर्ज काढले की हातात येतात. विमा काढला म्हणजे सुरू केला. मोटार काढली म्हणजे विहिरीवरून सोडवून आणली किंवा दारातून बाहेर नेली. पीक काढले म्हणजे घरात आले आणि बैल विकायला काढला म्हणजे घरातून जाण्याच्या वाटेवर लागला. दुष्काळात दिवस काढले म्हणजे काय झाले, हे बालाघाटच्या या माळावर कोणाला सांगावे लागत नाही. एकच क्रियापद मिळवणे आणि गमावणे ही दोन्ही टोके सांभाळते, आणि बोलणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही.

विद्यार्थ्याच्या चाचणीत एका म्हाताऱ्याने सहज म्हटले होते, “सातबाऱ्यावर आमच्या भावाचं नाव हाय का ते काढून बघा.” काढून बघा, म्हणजे उतारा काढा आणि पाहा. एजंटने ‘नाव’ आणि ‘काढणे’ जवळजवळ पाहिले आणि नाव वगळण्याचे अवजार उचलले. खोटी नोंद होती, खोटा भाऊ होता, काही बिघडले नाही. पण जमिनीच्या नोंदीत भावाचे नाव असणे-नसणे यावरून आपल्याकडे किती घरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात हे ज्याला माहीत आहे, त्याने यावर हसू नये.

आणखी एक उदाहरण त्याच दिवशीचे. ‘अर्ज भरायलोय’ असे एकाने म्हटले. आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ ‘भरतो आहे’, या क्षणी क्रिया चालू आहे. एजंटने त्यात प्रमाण मराठीतले ‘भरायला’ वाचले आणि ‘अर्ज भरायचा आहे’ असे समजून दुसरा कोरा अर्ज उघडून दिला. पुण्याच्या पुस्तकांवर वाढलेल्या यंत्राने मराठवाड्याला दुरुस्त केले म्हणायचे. यंत्रांच्या आधी हे काम आपण करीत होतो, लाल शाईने. तेव्हा या बाबतीत फार वरच्या पट्टीत बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

‘भाषेचा प्रश्न निकालात निघाला’ म्हणणाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: प्रतिमाने सुधारत आहेत. हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे प्रतिमान आणले तेव्हा त्यांनीच दिलेल्या नमुन्यात जो मराठी मजकूर आधी ९६ तुकड्यांत चिरला जात होता, तो ३३ तुकड्यांत मावू लागला. या तुकड्यांवरच पैसे आकारले जातात, तेव्हा मराठी बोलण्याचा दंड तिपटीने कमी झाला असे म्हणता येईल. ‘काढून बघा’सारखे वाक्यही आजची मोठी प्रतिमाने बहुतेक वेळा बरोबर लावतात, माझ्या विद्यार्थ्याने स्वस्त म्हणून लहान प्रतिमान घेतले होते. पण आष्टीत, कड्यात, धोंडे उचलून पोट भरणाऱ्यांच्या गावांत जे येईल ते स्वस्तातलेच येईल, हेही तितकेच खरे. शिवाय ‘बहुतेक वेळा’ हा शब्दप्रयोग कवितेच्या अर्थनिर्णयात शोभतो, फेरफार नोंदीत शोभत नाही.

आणि काही संदिग्धता प्रतिमान कितीही मोठे झाले तरी जाणार नाही, कारण ती बोलणाऱ्याने राखलेली असते. ‘बघा काय जमतंय ते.’ ‘करा तुमच्या मनानं.’ ‘बघू.’ आपल्याकडे ‘बघू’ हा नव्वद टक्के नकार असतो आणि तो स्पष्ट न देण्यात सभ्यता असते. ज्या यंत्राला काम ‘पूर्ण’ करण्याची घाई लावून दिली आहे, त्याला या शब्दाचे काय करायचे ते कोण सांगणार? ते सूचनेत लिहावे लागते, आणि लिहिण्यासाठी ते आधी कोणाला तरी दिसावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे, ‘ने’कडे.

एजंट हा शब्द मराठीला नवा नाही. कायद्याच्या मराठीत त्याला अभिकर्ता म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १८२ नुसार दुसऱ्यासाठी काही कृती करण्यास वा तिसऱ्याशी व्यवहारात त्याचे प्रतिनिधित्व करण्यास नेमलेली व्यक्ती म्हणजे अभिकर्ता. व्यक्ती, हे लक्षात घ्यावे. पण आमच्या भागात एजंटाचे जे रूप प्रत्येक वस्तीवर ठाऊक आहे, त्याला ना अभिकर्ता म्हणतात ना एजंट. त्याला मुकादम म्हणतात.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती उचल फेडायची असते. कारखाना तोडणी-वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम टोळीशी. मजुराला ऊस तोडताना इजा झाली किंवा हिशेबात फरक पडला, तर कारखाना म्हणू शकतो की तो आमचा कामगार नाही. वाहतूकदार म्हणतो मुकादमाला विचारा. आणि मुकादम उचलीची वही उघडतो. काम वरून खाली झिरपत जाते, जबाबदारी मात्र प्रत्येक पायरीवर थोडी थोडी आटत जाते. एजंटांच्या किटमध्ये ‘हँडऑफ’ नावाची सोय असते: एका एजंटाने आपले काम दुसऱ्या एजंटाकडे सोपवायचे. कार्यशाळेत तिचे फार कौतुक झाले. मला मात्र समोर फडावरची टोळी दिसत होती.

याच टोळीच्या भाषेत एक शब्द आहे. तो जगातल्या कुठल्याही एजंट-चर्चेत ठेवण्याच्या लायकीचा आहे. तो शब्द कोयता. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. ‘माझ्याकडं यंदा बारा कोयते आहेत’ असे मुकादम म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे चोवीस माणसे असतात. ‘एका कोयत्याने दिवसात दोन टन तोडला’ या वाक्यात ‘ने’ कोणता? व्याकरणाचा विद्यार्थी पटकन म्हणेल, करणाचा. चूक. येथे तो कर्त्याचा आहे. तोडणारा नवरा आणि मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बायको, दोघे त्या एका अवजाराच्या नावात गुंडाळली गेली आहेत. त्यातही बायको अर्धी, आणि तिच्या नावाची स्वतंत्र ओळ हिशेबात येत नाही ती नाहीच.

माझा आक्षेप येथून सुरू होतो. ज्या समाजाने करणाऱ्या माणसाला अवजाराचे नाव दिले, तोच समाज आता अवजाराला करणाऱ्याचे नाव देत आहे. माणूस कोयता झाला आणि प्रोग्रॅम एजंट झाला. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. दोन्ही ठिकाणी नाव बदलल्याने एकाच कोणाची तरी सोय झाली आहे: जो वरून काम करवून घेतो त्याची.

आपल्या परंपरेत यासाठी शब्द आहेत, आणि ते धूळ खात आहेत. पाणिनीने कर्त्याची ओळख स्वातंत्र्यात सांगितली. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. क्रिया सिद्ध होण्यास जे सर्वाधिक उपकारक ते करण. आणि त्या स्वतंत्र कर्त्याला जो प्रवृत्त करतो त्यालाही त्याने कर्त्याच्या पंक्तीतून उठू दिले नाही. तो हेतूही आणि कर्ताही. मराठीतले प्रयोजक क्रियापद याच विचाराचे वारस आहे: करतो तो एक, करवतो तो दुसरा, आणि ‘करवतो’ या क्रियापदाचा कर्ता करवणाराच. या मापाने एजंट पाहिला तर ते करण आहे, फार तर गुंतागुंतीचे करण. कर्ता कोण? ज्याने किट घेऊन अवजारे जोडली, कोणते अवजार माणसाला न विचारता चालेल हे ठरवले, आणि तो चालवायला ठेवला, तो. सरकारी खाते असेल तर खाते. बँक असेल तर बँक.

यावर जाणकार पूर्वपक्ष उभा करतील, आणि तो हलका नाही. करणालाही कर्ता म्हणण्याची मुभा व्याकरणातच आहे. ‘तलवार कापते’ असे आपण म्हणतोच. वक्त्याची इच्छा, विवक्षा, तशी असेल तर साधनही कर्तृपदी बसते. मान्य. पण विवक्षा म्हटले की ती कोणाची, हा प्रश्न आलाच. तलवार कापते असे म्हणणाऱ्याला तलवारीची धार वाखाणायची असते. खटला उभा राहिला आणि आरोपी म्हणाला की कापले ते तलवारीने, तर न्यायाधीश विवक्षेचा आदर करीत बसणार नाही.

ही कल्पना नाही, असे घडले आहे. कॅनडात २०२२ मध्ये आजी वारल्यावर एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला शोकसमयीच्या सवलतीबद्दल विचारले. बॉटने सांगितले, आधी तिकीट काढा, सवलतीचा अर्ज नंतर करता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. पैसे नाकारले गेले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीने मांडलेल्या भूमिकेचा न्यायाधिकरणाने काढलेला अर्थ असा होता की, चॅटबॉट ही जणू स्वतंत्र कायदेशीर सत्ता आहे आणि आपल्या कृत्याला तीच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला. न्यायाधिकरणाने ही भूमिका फेटाळली. संकेतस्थळावर जे काही आहे त्याची जबाबदारी कंपनीची, मग ते साध्या पानावर असो वा बॉटच्या तोंडी. भरपाई सगळी मिळून आठशे कॅनेडियन डॉलरच्या थोडी वर. रक्कम किरकोळ, पण ‘ने’ कोणाचा हे एका न्यायपीठाने सांगितले. आमच्या तालुक्यातल्या माणसाला असे न्यायाधिकरण गाठायला किती हंगाम लागतील याचा हिशेब मी करीत नाही.

आपल्याकडे कर्ता गडप करण्यासाठी एजंटाची वाट पाहावी लागलेली नाही. शासकीय मराठी हे काम कधीपासून चोख करीत आली आहे. ‘आपला अर्ज नाकारण्यात आला आहे.’ कोणी नाकारला? ‘निर्णय घेण्यात आला.’ कोणी घेतला? इंग्रजी कर्मणीच्या वळणाने मराठीत रुळलेल्या या रचनेला आपण व्याकरणात नवीन कर्मणी वगैरे नावे देऊन मोकळे झालो. तिच्यातून कर्ता किती सहज निसटतो, हे मात्र क्वचितच शिकवले. एक रुपयात पीक विमा ही योजना राज्यात २०२३ च्या खरिपापासून चालली आणि २०२५ मध्ये बंद झाली. दरम्यान सरकारी जमिनींवर, दुसऱ्यांच्या शेतांवर खोटे अर्ज ‘भरले गेल्याचे’ उघड झाले आणि त्यात आमच्या जिल्ह्याचे नाव वारंवार आले. त्या काळातल्या चर्चा आठवा. अर्ज भरले गेले, रकमा उचलल्या गेल्या, दुर्लक्ष झाले. वाक्यामागून वाक्य, आणि कर्ता एकाही वाक्यात नाही. तेव्हा निदान केंद्रावर कळफलक बडवणारा कोणीतरी माणूस होता. उद्या तेथे एजंट असेल आणि वाक्य असेल, ‘प्रणालीने भरले.’

आता या प्रणालीला मराठी शिकवली आहे कशावर? यंत्राच्या वाचनात मराठीचा जो भाग येतो त्यात बातम्या आहेत, शासननिर्णय आहेत, इंग्रजीवरून उतरवलेली पाने आहेत. साहजिकच ते बोलते तेव्हा ‘करण्यात येत आहे’ असेच बोलते. विद्यार्थ्याच्या एजंटाने त्या म्हाताऱ्याला उत्तर दिले होते, “आपल्या विनंतीनुसार सदर नाव वगळण्यात आले आहे.” सात शब्दांत दोन खोट्या गोष्टी: विनंती नव्हती, आणि वगळणारा कोण ते वाक्यात नव्हते. मराठी निर्दोष होती. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

राज्य सरकार या वाटेवर वेगाने निघाले आहे. २०२५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांसाठी ‘महाविस्तार’ हे मराठीतून उत्तरे देणारे ॲप आले. जूनमध्ये मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९ मंजूर करून त्यासाठी ५०० कोटींची तरतूद ठरवली. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत हवामान, भाव, योजना कळाव्यात याला विरोध करणारा मी नाही, ज्याने तलाठ्याची वाट पाहत आख्खा दिवस ओट्यावर काढला आहे (पुन्हा ‘काढला’!) तो असा विरोध करणार नाही. सांगणे आणि करणे यांत मात्र एक उंबरठा आहे. माहिती चुकली तर शेतकरी शेजाऱ्याला विचारून खातरजमा करतो. कृती चुकली तर नोंद होऊन बसते. किट नेमकी हा उंबरठा ओलांडण्याची सोय आहे. त्या उंबरठ्यावर मराठीचा कोणी माणूस उभा आहे का, एवढेच मी विचारतो आहे.

नाही. आणि याचा दोष मी संगणकवाल्यांना देणार नाही.

आपण या विषयावर लिहितो काय? ‘यंत्राला संवेदना नसते’, ‘कविता यंत्राला जमणार नाही’, ‘मातीचा गंध’. चर्चासत्रांची शीर्षके पाहा. जणू यंत्राने आपल्याकडे फक्त कविताच मागितली आहे! ते अर्ज मागते आहे, पावती मागते आहे, ‘काढणे’ या क्रियापदाची फोड मागते आहे. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ छापले; प्रयोगविचारावर त्यांनी किती कागद आणि किती आयुष्य खर्चले ते ग्रंथ उघडणाऱ्याला दिसते. अरविंद मंगरूळकरांनी, कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी त्या व्याकरणाशी भांडण मांडले. ते भांडण आता आपण ‘पुढील वाक्याचा प्रयोग ओळखा’ येथवर आणून ठेवले आहे. उपयोजित मराठीच्या नावाखाली नव्या अभ्यासक्रमांत जाहिरातलेखन आले, वृत्तलेखन आले, सूत्रसंचालनही आले. बरे आहे, त्यावर चार मुलांची पोटे भरतील. पण यंत्राला द्यायची सूचना, अवजाराचा खुलासा, माणसाकडून संमती मागणारे वाक्य, चूक झाल्यावर ती सांगणारे वाक्य, हे आज प्रत्यक्ष लिहिले जाणारे मराठी गद्य आहे आणि ते कोणाच्या अभ्यासपत्रिकेत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. ती अभिजातता अर्जाच्या खिडकीशी येऊन थांबते.

‘हे आपलं काम नाही, ते इंजिनिअरांचं’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी एक प्रसंग सांगतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रेप्लिट या कंपनीच्या एजंटाने, बदल करू नकोस असे पुन्हा पुन्हा बजावलेले असताना, एका व्यवसायाचा चालू विदासंच पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. यातून इंजिनिअर एक धडा घेतील आणि तो बरोबर आहे: धोक्याच्या अवजाराला कुलूप घालावे, नुसत्या आज्ञार्थावर विसंबू नये. पण कुलूप कशाला घालायचे हे ठरवण्यासाठी कोणते अवजार धोक्याचे ते आधी ओळखावे लागते, आणि ‘नाव काढणे’ हे ‘सातबारा काढणे’च्या शेजारी निरागसपणे बसलेले असताना ते ओळखायला इंजिनिअरिंग पुरत नाही.

विद्यार्थी आणि मी दोन रविवार बसलो. आधी त्या दोन खुलाशांतून ‘काढणे’ हद्दपार केले. एकाला ‘उताऱ्याची प्रत मिळवून दाखवणे, यात नोंदीत काहीही बदलत नाही’ असे लिहिले. दुसऱ्याला ‘नोंदीतून एखाद्याचे नाव कायमचे वगळण्यासाठी अर्ज करणे; बोलणाऱ्याने नुसते नाव आहे का असे विचारले असेल तर हे वापरू नये’. शेतकऱ्याच्या तोंडचे ‘काढणे’ तसेच राहू दिले, ते त्याचे आहे. ‘भरायलोय’, ‘करायलाय’ या रूपांचा अर्थ सूचनेत उदाहरणांसह घातला. ‘बघू’ला नकार समजावे आणि पुन्हा विचारू नये, हेही. किटमध्ये अवजार चालवण्याआधी माणसाची संमती घेण्यासाठी थांबण्याची सोय असते. ती विद्यार्थ्याने वेग कमी होतो म्हणून बंद ठेवली होती, ती नाव वगळण्याच्या अवजारापुरती चालू केली. मग त्याच म्हाताऱ्याचे वाक्य पुन्हा दिले. उतारा आला, भावाचे नाव होते तेथेच होते. वीसपैकी एकोणीस वेळा असे झाले. विसाव्या वेळी एजंट नाव वगळायला निघाला आणि संमतीपाशी अडला.

संमतीच्या वाक्यावरच आमचे सगळ्यात जास्त भांडण झाले. विद्यार्थ्याचे होते, “नाव वगळण्यात यावे का?” मी म्हटले, अरे, कोणी वगळायचे? तो म्हणाला, “सर, ‘मी वगळू का’ लिहिलं तर तो यंत्राला माणूस समजणार. ‘आम्ही’ लिहिलं तर आम्ही कोण?” प्रश्न रास्त होता. ‘तुम्ही वगळत आहात’ लिहावे, तर सगळे ओझे त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर पडते. मराठीत कर्ता न सांगता सभ्यपणे वाक्य पूर्ण करण्याच्या इतक्या वाटा आहेत, आणि येथे एकही चालेना. शेवटी ठरले ते असे: आधी एजंट चालवणाऱ्या कचेरीचे नाव, पुढे ‘ही कचेरी तुमच्या सांगण्यावरून अमुक यांचे नाव वगळण्याचा अर्ज करील. करू द्यायचा का?’ लांबलचक आणि ओबडधोबड. विद्यार्थ्याला ते आवडले नाही. कचेरीच्या नावाची जागा त्याने चौकोनी कंसात मोकळी सोडली आहे, आणि तेथे कोणाचे नाव घालायचे ते अजून ठरलेले नाही.